पिकअप घ्यायची, तर आधी फेऱ्या मोजा

ऑक्टोबरातल्या एखाद्या दुपारी पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर टोमॅटोच्या आधी पिकअपच नजरेत भरतात. हौद्यात प्लास्टिकच्या कॅरेटांची थप्पी, तीवरून आवळलेला दोर, फाळक्यावर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, आणि मागचे पाटे इतके सपाट झालेले की चाक आता मडगार्डला घासतं की काय असं वाटावं. या गाड्यांना कंपनीच्या नावाने फारसं कुणी हाक मारत नाही. २००५ मध्ये टाटा एस आली आणि तिचा ‘छोटा हत्ती’ झाला. तिच्याहून थोराड, दीड-पावणेदोन टन माल घेणारी गाडी म्हणजे नुसती ‘पिकअप’. बहुतेकदा ती महिंद्राची बोलेरो असते, कधी टाटाची योद्धा, कधी अशोक लेलँडची दोस्त. द्राक्षं, कांदा, शेळ्या, सिमेंट, मंडपाचे बांबू, गणपती, असं काहीही तिच्यात बसतं. त्यामुळे चार पैसे हाताशी आले की शेतकऱ्याच्या, किराणा दुकानदाराच्या किंवा नर्सरीवाल्याच्या घरात एक विषय हमखास निघतो: आपणच एक पिकअप घेऊन टाकली तर? दरवेळी भाड्याच्या गाडीवाल्याच्या मिनतवाऱ्या कशाला करायच्या?

शोरूममध्ये या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. डाऊन पेमेंट किती भरता आणि हप्ता किती झेपेल, एवढं विचारलं की विक्रेत्याचं गणित पुरं होतं. ते त्याचं गणित आहे आणि त्याच्यापुरतं ते बरोबरच आहे. घेणाऱ्याचं गणित मात्र हप्त्यापाशी सुरू होत नाही. हप्ता झेपतो की नाही, यावरून फक्त कर्ज फिटेल की नाही एवढंच कळतं. गाडी घेणं फायद्याचं आहे का, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला वेगळाच आकडा लागतो: वर्षात ही गाडी किती वेळा भरून धावणार? माझं म्हणणं असं की पिकअप घ्यायची की नाही, हे या एका आकड्यावर ठरवावं आणि बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे किंमत, सवलत, अनुदान, मायलेज, त्यानंतर बघाव्यात. हे म्हणणं पटवायचं तर आकडे मांडायलाच हवेत. पुढचे आकडे धरून चाललेले आहेत, बाजारभावाच्या आसपासचे. प्रत्येकाने आपापले घालून बघावेत. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत बदलत नाही.

गाडी सगळा खर्च धरून, म्हणजे विमा, नोंदणी, कर यांच्यासह, दहा लाखांना पडली असं समजू. दोन लाख घरचे, आठ लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण १७,४०० रुपये, आणि पाच वर्षांत नुसतं व्याज जातं दोन लाख चौवेचाळीस हजारांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४९,०००. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना गेली, तर घसारा झाला साडेपाच लाख, वर्षाला १,१०,०००. घरचे दोन लाख मुदत ठेवीत असते तर सात टक्क्यांनी वर्षाला १४,००० आले असते, तेही गेले. विमा सरासरी ३५,०००. यात तृतीय पक्ष विम्याचा भाग सरकार ठरवतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये होता, त्यामुळे तिथे घासाघीस चालत नाही. फिटनेस, पीयूसी, ताडपत्री, बॅटरी असल्या किरकोळीला १०,०००. सगळं मिळून वर्षाला २,१८,००० रुपये. दिवसाला भागलं तर सहाशेला तीन रुपये कमी. म्हणजे इंजिनला चावी न लावता, अंगणात चिंचेखाली नुसती उभी असली तरी ही गाडी रोज सहाशे रुपये खाते. बैलजोडी निदान दावणीला बांधल्यावर शेण तरी द्यायची.

आता चालवायचा खर्च. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि भरलेल्या-रिकाम्या फेरीची सरासरी बारा किलोमीटर धरली, तर किलोमीटरला साडेसात रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांचे अडीच. एकूण दहा रुपये. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातून वाशीच्या बाजारात माल न्यायचा तर जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. चालवायचा खर्च ४,०००, टोल, पार्किंग आणि चहा-जेवण १,५००. घरच्या गाडीने एक फेरी ५,५०० रुपयांत होते. भाड्याची गाडी याच फेरीला ९,००० मागते असं धरलं, तर एका फेरीमागे वाचले ३,५००. उभ्या गाडीचे २,१८,००० या बचतीतून भरून निघायला हव्यात ६३ फेऱ्या. त्रेसष्टाव्या फेरीपर्यंत गाडी तिचं स्वतःचं पोट भरते, चौसष्टाव्यापासून तुमचं.

हाच हिशेब जवळच्या बाजाराला लावून बघितला की एक विचित्र गोष्ट दिसते. गावापासून बाजार समिती वीस किलोमीटरवर आहे आणि भाडं १,२०० रुपये पडतं, असं समजा. घरच्या गाडीचा चाळीस किलोमीटरचा खर्च ४००, बचत ८००. आता लागतात २७३ फेऱ्या! वर्षातले सुट्टीचे आणि बंदचे दिवस वजा केले तर याहून फार जास्त दिवस बाजार समितीही उघडी नसते. बाजार जितका जवळ, तितकं घरच्या गाडीचं समर्थन अवघड. प्रत्यक्षात मात्र जवळच्या बाजारात रोज जाणाऱ्यालाच गाडीची हौस जास्त असते, कारण भाडं रोज हातातून जातं आणि रोज टोचतं. घसारा टोचत नाही. तो पाच वर्षांनी एकदम समोर येतो, जुन्या गाडीचा दलाल टायरला लाथ मारून किंमत सांगतो तेव्हा.

आता फेऱ्या होतात किती, ते पाहू. पावणेदोन टनाच्या आतबाहेरची जी गाडी घेतात, तिचं पासिंग साधारण १,७०० किलो मालाचं धरू. टोमॅटोच्या कॅरेटात वीस किलो माल आणि कॅरेटचं स्वतःचं वजन दोन किलोच्या आत-बाहेर. म्हणजे नियमाने बसतात ७७ कॅरेट, आणि नेला जातो १,५४० किलो टोमॅटो. दोन एकर टोमॅटोचं एकरी २५ टन उत्पादन आलं, जे चांगलं म्हणावं असं आहे, तर ५० टनांच्या होतात ३३ फेऱ्या. लागतात ६३, होतात ३३. तीस फेऱ्यांचा हा खड्डा रुपयांत मोजला तर वर्षाला एक लाखाहून थोडा जास्त आहे. दोन एकर बागायत टोमॅटो करणारा माणूस गावात लहान शेतकरी समजला जात नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्याचाही हिशेब बसत नाही.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे ७७ कॅरेट नेतो कोण? गाडी सव्वाशे घेते, फेऱ्या कमी होतात, भाडं वाचतं. घेते खरी. पण फेऱ्या कमी झाल्या तर गाडी घ्यायचं कारणही त्या मानाने कमीच होतं, कारण भाड्याची गाडीही तेवढेच भरून नेते. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० अशी तरतूद आहे, आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. वीस हजार म्हणजे जवळजवळ सहा फेऱ्यांची बचत एका नाक्यावर. भाड्याची गाडी असते तेव्हा हा दंड गाडीवाल्याच्या डोक्यावर असतो. घरची गाडी घेतली की तो आपल्या. पाटे तुटणं, लायनर लवकर झिजणं, घाट उतरताना ब्रेक तापणं हेही त्याच्यासोबत येतंच. जादा भरून फायदा काढण्याचा हिशेब जो मांडतो, तो बहुधा पहिल्या दोन वर्षांचाच मांडतो.

सगळ्यात सबळ आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला खरा वाटतो. ऐन हंगामात भाड्याची गाडी मिळत नाही. टोमॅटो तोडून बांधावर ठेवला आहे, मजूर थांबले आहेत, वाशीत पहाटेच्या आत पोचायला हवं, आणि गाडीवाला फोन उचलत नाही. उचललाच तर नऊ हजारांचे साडेदहा सांगतो. नाशवंत मालात वेळ म्हणजेच भाव; हा खर्च कागदावर दिसत नाही म्हणून तो नाही असं म्हणता येणार नाही. पण दिसत नसलेला खर्चही अंदाजाने मोजता येतोच. सगळ्या ३३ फेऱ्यांना दीड हजार जास्त मोजले असं धरू: जादा गेले ४९,५००. घरची गाडी असती तर वर्षाला तोटा लाखभराचा होता. तो आता त्रेपन्न हजारांवर येतो, पण तोटाच राहतो. गाडी न मिळाल्याने आख्खा माल वाया गेला, असंही धरून बघू. कॅरेटला ३०० रुपये भाव असताना ७७ कॅरेट म्हणजे तेवीस हजार. एका हंगामात अशी पाळी चार-पाच वेळा यावी लागेल, तेव्हा कुठे घरच्या गाडीचा लाखाचा तोटा सार्थकी लागेल. ज्याच्यावर ती खरोखर चार-पाच वेळा येते, त्याने गाडी घ्यावी. पण त्याआधी त्याने हंगाम सुरू होतानाच दोन गाडीवाल्यांशी फेऱ्यांचा ठराव करून, थोडी उचल देऊन बघावं. उचल दिलेल्या माणसाचा फोन गाडीवाला उचलतो.

हप्त्यापेक्षा फेऱ्यांवर भर देण्याचं आणखी एक कारण शेतमालाच्या भावातच आहे. २०२३ च्या जुलैत जुन्नरच्या नारायणगाव बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. वर्तमानपत्रांत करोडपती शेतकऱ्यांच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी पाऊस सरता सरता नाशिककडे तेच कॅरेट शंभराच्या आसपास घसरलं, आणि टोमॅटो रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रं छापून आली. तेच पीक, तेच राज्य, मध्ये जेमतेम काही आठवडे. अशा उत्पन्नाच्या समोर १७,४०० चा मासिक हप्ता ठेवून बघा. तो जुलैत कळतही नाही आणि सप्टेंबरात गळ्याशी येतो. भाड्याच्या गाडीचा मोठा गुण असा की माल तोडायलाच परवडत नसेल तर ती बोलवायची नसते. भाव पडला की वाहतुकीचा खर्चही थांबतो. घरची गाडी मात्र भाव बघून हप्ता मागत नाही. पैसा आला त्या वर्षी गाडी घ्यायची ही आपली रीत म्हणूनच उलटी आहे: चढ्या भावाच्या वर्षी घेतलेली गाडी पडत्या भावाच्या चार वर्षांत फेडायची असते.

गाडीचा खड्डा दुसऱ्यांची भाडी मारून भरून काढू, असं म्हणणारे बरेच भेटतील. तो मार्ग खरा आहे, पण तो कुठे जातो ते आधी नीट पाहायला हवं. वाशीला माल टाकून येताना परतीचा माल मिळाला, त्याचे समजा हातात ३,००० उरले, तर फेरीमागची बचत एकदम साडेसहा हजारांवर जाते आणि ६३ फेऱ्यांच्या जागी ३४ पुरतात. म्हणजे घरच्या ३३ फेऱ्यांतच हिशेब जवळपास बसतो! या धंद्यात कमावणारे आणि बुडणारे यांच्यात फरक करते ती परतीची फेरी. मायलेज, कंपनी, इंजिन या गोष्टी तिच्यापुढे किरकोळ आहेत. पण परतीचा माल दरवेळी मिळत नाही, आणि मिळवायचा म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या दारात थांबणं आलं, त्याचं कमिशन आलं, नाशिकऐवजी सिन्नरला किंवा ओझरला वळसा आला, वारईवरून हुज्जत आली. त्यात दुसरा दिवस मोडतो. तोडणीच्या हंगामात शेतकऱ्याचा दिवस काही फुकटचा नसतो. म्हणजे भाडी मारायची ठरवली की आपण शेतीला पूरक गाडी घेत नाही, वाहतुकीचा दुसरा धंदा सुरू करतो. करावा, त्यात वाईट काही नाही. फक्त तो धंदा आहे हे ओळखून करावा.

इथे मुलाचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बारावी किंवा पदवी झालेला मुलगा घरी आहे, नोकरी नाही, शेतीत मन नाही, लग्नाचं बघायचं आहे. गाडी घेऊन दिली तर हाताला काम लागेल आणि सोयरिकीच्या वेळी सांगायला काहीतरी होईल. कितीतरी पिकअप या एका कारणासाठी दारात येतात. कारण समजण्यासारखं आहे, पण वरच्या ६३ फेऱ्यांच्या हिशेबात चालवणाऱ्याला एक पैसाही दिलेला नाही. मुलाच्या हातात महिन्याला १५,००० यावेत एवढीच अपेक्षा ठेवली, तर वर्षाचे १,८०,००० आणखी काढायचे. फेऱ्या लागतात ११४. म्हणजे आठवड्याला दोनहून जास्त, बाराही महिने, पाऊस असो की लग्नसराई. त्रेसष्ट फेऱ्या करणारा मुलगा कामाला लागला आहे असं घरच्यांना वाटतं. खरं तर तो त्रेसष्ट रात्री जागून फायनान्सवाल्याचं काम करतो. तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात, आणि तेव्हा गावासमोर जे होतं ते गाडी नसण्यापेक्षा वाईट असतं.

सरकारी मदतीची बाजू थोडक्यात. अण्णासाहेब पाटील महामंडळासारख्या योजनांतून पात्र अर्जदाराला कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. त्याची अट अशी की हप्ता आधी स्वतः वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यावर येतं. अख्खं व्याज परत आलं असं धरलं तरी वर्षाचा उभा खर्च ४९,००० नी उतरतो, आणि लागणाऱ्या फेऱ्या ४९ वर येतात. दोन एकरवाल्याच्या ३३ फेऱ्यांना तेही पुरत नाही. करांचं तर २०२५ मध्ये या हाताने दिलं आणि त्या हाताने घेतलं असं झालं. राज्याने अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या सात टक्के एकरकमी कर लावला. दहा लाखांच्या गाडीला पूर्वी वीस हजारांच्या आसपास लागायचे, तिथे सत्तर हजार झाले. मग २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत आठ लाख असेल तर ८०,००० वाचले. ज्याचा धंदा करपात्र मालाचा आहे, म्हणजे सिमेंट, हार्डवेअर, रंग असा, त्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही घेता येते. भाजीपाला करमुक्त असल्यामुळे शेतकऱ्याला किंवा भाजीच्या व्यापाऱ्याला ती मिळत नाही. ‘अमक्याने घेतली, त्याला परवडली’ हे वाक्य म्हणूनच तपासून घ्यावं. अमका कशाचा धंदा करतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. कागदपत्रांत मात्र एक गोष्ट सोपी झाली आहे. पिकअप चालवायला आता वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’ शेरा लागत नाही. साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. आणि गाडी व माल मिळून ज्या मालवाहू वाहनाचं वजन ३,००० किलोच्या वर जात नाही, त्याला कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिटच लागत नाही. दोन मॉडेलांत घोटाळत असाल तर आरसीवर ‘एकूण वजन’ काय येणार ते आधी विचारा.

राहिला घरच्या वापराचा मुद्दा. माल तर नेईलच, शिवाय जेजुरीला, वणीला, लग्नाला घरची माणसं नेता येतील, हा विचार बोलून दाखवला नाही तरी मनात असतोच. हौद्यात सतरंजी टाकून वऱ्हाड नेण्याचं दृश्य अजून सगळीकडे दिसतं. पण मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यातच सांगितलं आहे. कायद्याचं संरक्षण आहे ते मालासोबत बसलेल्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाने, म्हणजे वेळप्रसंगी जमीन विकून, द्यायची. त्यामुळे घरच्या वापराचा फायदा या हिशेबात शून्य धरावा. दोन्ही कामं एकाच गाडीत करणाऱ्या दोन ओळी बसायच्या, पांढऱ्या पाटीच्या पिकअपही मिळतात: इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये, सुरुवातीच्या मॉडेलला ३३ लाख ९९ हजार अशा किमतीने. अमेरिकेत टोयोटा टकोमासारख्या पिकअप घराघरांसमोर कुटुंबाची गाडी म्हणून उभ्या असतात, तसला हा प्रकार. पुण्याच्या कोथरूडात ती शोभते. पण खाजगी नोंदणीच्या गाडीत भाड्याचा माल नेता येत नाही, आणि तेहतीस लाखांत तीन बोलेरो येतात. त्यामुळे तिला हौस म्हणून घ्यावं आणि हौसेसारखंच वागवावं.

एक आक्षेप असा की पाच वर्षांचाच हिशेब का धरायचा? गाडी दहा-बारा वर्षं सहज चालते. बरोबर आहे. सहाव्या वर्षापासून हप्ता नसतो, घसारा हळू होतो, विमा थोडा उतरतो. उभ्या गाडीचा वर्षाचा खर्च १,२०,००० च्या आसपास येतो. पण मग दुरुस्ती वाढते, किलोमीटरला दहाचे बारा रुपये होतात, आठ वर्षांनंतर फिटनेस दोन वर्षांनी नव्हे तर दरवर्षी करावा लागतो. फेरीमागची बचत २,७०० धरली तर लागतात ४५ फेऱ्या. हा आकडा नव्या गाडीपेक्षा पुष्कळ बरा आहे, आणि त्यातूनच एक गोष्ट निघते: जी गाडी पहिल्या मालकाला ६३ फेऱ्यांशिवाय परवडत नाही, ती दुसऱ्या मालकाला ४५ वर परवडते. पन्नासेक फेऱ्या होणाऱ्याने नवीकडे न बघता पाच वर्षांची जुनी, रोखीने, आरसीवरचा बोजा उतरला आहे हे स्वतः बघून घ्यावी. हौद्याच्या तळाचा पत्रा वाकलेला असेल आणि पाट्यांत एखादी पट्टी वरून टाकलेली असेल, तर ती गाडी आयुष्यभर जादा भाराने पळालेली आहे. तिला सोडून द्यावं, कितीही स्वस्त असली तरी.

मग नवी कुणी घ्यावी? ज्याच्या फेऱ्या आधीच मोजून झाल्या आहेत त्याने. गेल्या वर्षभरात भाड्याची गाडी किती वेळा बोलावली, किती दिले, परतीला ती रिकामी गेली की भरून, हे वहीत लिहिलेलं असेल तर शोरूममध्ये बसून ठरवायचं काही उरत नाही. वही नसेल तर एक हंगाम थांबून ती लिहावी. फेऱ्या त्रेसष्टला टेकल्या असतील तर घ्यावीच. एकट्याच्या टेकत नसतील तर दोघा-तिघा शेजाऱ्यांच्या मिळून टेकतात का बघावं, पण अट एक: पिकं वेगवेगळी हवीत. तिघांचाही टोमॅटो असेल तर तिघांनाही एकाच रात्री गाडी हवी असते आणि फेब्रुवारीत कुणालाच नको असते. एकाची द्राक्षं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, दुसऱ्याचा उन्हाळ कांदा चाळीतून निघणारा मे ते ऑक्टोबर, तिसऱ्याचा टोमॅटो ऑगस्ट ते डिसेंबर, असं जमलं तर एक गाडी वर्षभर भरलेली राहते, आणि मधला एखादा रिकामा दिवस खतांच्या गोण्या नाहीतर नर्सरीची रोपं भरून काढतात. गाडी मात्र एकाच्याच नावावर असावी, बाकीच्यांनी ठरलेलं भाडं द्यावं. सामाईक गाडीचा टायर कुणी बदलायचा, या भांडणाने भाऊबंदकी जमिनीपेक्षा लवकर पेटते.

हप्ता कुठल्या महिन्यात सुरू होतो, हेही या वहीवरूनच ठरवता येतं. ट्रॅक्टरच्या कर्जाला पिकाप्रमाणे सहामाही हप्ते रूढ आहेत. पिकअप व्यापारी वाहन म्हणून बघितली जात असल्याने तिला बहुधा मासिकच मिळतो. पण घ्यायची वेळ आपल्या हातात असते. टोमॅटोवाल्याने गाडी जुलै सरताना घेतली तर पहिले पाच हप्ते तोडणीच्या पैशांतून जातात. मार्चअखेरच्या सवलतीला भुलून घेतली, तर पहिलं कॅरेट भरायच्या आधीच चार हप्ते भरून होतात, आणि नवी कोरी गाडी तोवर ताडपत्रीखाली झाकलेली असते.